डाव्या पंखाचा कान

जुबैदा खोतनं गॅस वेल्डिंगची टॉर्च पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिनं पस्तिशी ओलांडली होती, आणि ती टॉर्च हातात घ्यायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

भिवंडीत बाईमाणसानं कांड्या भरल्या, लूमवरचा तुटलेला धागा जोडला, तर कुणाला नवल वाटत नाही. जुबैदाचं लहानपण त्यातच गेलं होतं. बापाच्या कारखान्यात ती धागा असा जोडायची की कापडावरून बोट फिरवलं तरी गाठ लागायची नाही. पण टॉर्च, काळा चष्मा, आणि तेही वळ गावच्या काळूराम पाटलाच्या भाताच्या शेडमध्ये, विमानासाठी? हे माहेरी सांगण्यासारखं नव्हतं. तिनं बरीच वर्षं सांगितलंही नाही.

विमान तिच्या नवऱ्याचं. यूनुस खोत तरुणपणी बहारीनला गेला होता. तिथल्या एका छोट्या फ्लाइंग क्लबात तो फिटर होता. सुट्टीच्या दिवशी क्लबातला एक म्हातारा शिक्षक त्याला शेजारी बसवून वर न्यायचा आणि दांडा त्याच्या हातात द्यायचा. यूनुस परत आला, कमाई लूममध्ये घातली, आणि चौऱ्याऐंशीच्या दंगलीत त्याची शेड जळाली. जळत्या शेडमधून सूत गुंडाळलेलं बीम बाहेर ओढताना त्याचा डावा हात पोळला. जखम भरली, पण तीन बोटं आत वळली ती वळलीच.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. दुसऱ्यांच्या कारखान्यात लूम दुरुस्तीला जायचा, घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचा. जुबैदा मुद्दाम भांडण काढायची, तरी उत्तर यायचं नाही. असं दोन वर्षं चाललं. मग एका दुपारी त्यानं बहारीनची ट्रंक उघडली, तळातून विमानाचे आराखडे काढले आणि जमिनीवर पसरले. एका माणसाचं विमान होतं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, वर पंख.

तो थेट वळ गावी गेला. काळूराम त्याचा शाळेपासूनचा दोस्त. खाडीकडच्या अंगाला त्याची भाताची जमीन होती आणि कडेला एक रिकामी शेड. ती यूनुसनं मागितली.

"काय ठेवतंस तिकरं?" काळूरामनं विचारलं.

"विमान बनवायचंय."

काळूराम हसला. यूनुस हसत नाही हे बघून थांबला. "ठेव," तो म्हणाला. "पन मना त्यान बसवू नको."

नळ्या मुंबईहून, दारूखान्याच्या भंगारबाजारातून आल्या. पण त्या जोडायच्या कुणी? वेल्डिंगला दोन्ही हात लागतात. उजव्यात टॉर्च, डाव्यात जोडात वितळवायची तार. यूनुसच्या डाव्या हातात तार ठरत नव्हती. त्यानं शहरातून रघू नावाचा वेल्डर आणला. रघूचा हात लूमच्या जाड बिडावर बसलेला. पहिल्याच नळीला त्यानं आरपार भोक पाडलं, दुसरीलाही पाडलं, आणि चष्मा काढून म्हणाला, "ही नळी हाय का पापड? मला न्हाय जमणार." तो गेला.

त्या दिवशी जुबैदा डबा घेऊन आली होती. यूनुस भोक पडलेल्या नळीपाशी बसला होता, तोच भिंतीकडे बघणारा चेहरा घेऊन. तिनं डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "तार मी धरते. तुम्ही टॉर्च धरा."

तार धरता धरता तिला ज्योत कळायला लागली. लोखंड लाल होतं, मग पिवळं, मग त्याला पाणी सुटतं. त्या पाण्यात तार टेकवायची आणि लगेच उचलायची. एका श्वासाचा उशीर झाला तर भोक. तिला लूमची आठवण यायची. धागा तुटतो तेव्हाही तेवढाच वेळ असतो. सहा महिन्यांत यूनुसनं टॉर्चही तिच्या हातात दिली आणि आपण मागे उभा राहून बघू लागला. पहिल्या नळ्या त्यांनी मोडून टाकल्या, पुन्हा जोडल्या, पुन्हा मोडल्या. तिची ओढणी दोनदा जळली. गुणाबाईनं, म्हणजे काळूरामच्या बायकोनं, तिला आपलं जुनं जाड लुगडं फाडून आडवं बांधायला दिलं.

सांगाडा उभा राहिला तेव्हा जुबैदानं नवऱ्याला सांगून टाकलं, "बनवायला मी हाय. उडवायला न्हाय. आपली पोर सालेहा अजून शाळेत जाते. तुम्ही यात बसून उडायला निघालात तर मी समोर आडवी पडेन."

"तेव्हाचं तेव्हा बघू," तो म्हणाला.

ही गोष्ट तिनं काळूराम आणि गुणाबाईसमोरच सांगितली होती. पुढे ती तिच्याच अंगाशी आली.

सांगाड्यावर ब्रॅकेट बसवायचं काम सगळ्यांत शेवटी होतं. ब्रॅकेट म्हणजे भोक पाडलेला पोलादी पट्टीचा तुकडा. यूनुस त्याला कान म्हणायचा. सीटला कान, पॅडलला कान, इंजिनाला कान. यांतले चार कान जीवघेणे. पंखांना खालून तिरके टेकू असतात, त्यांची खालची टोकं सांगाड्याच्या तळाच्या नळीवर या चार कानांत बोल्टनं बसतात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

"बाकी काही तुटलं तर मी खाली येईन," यूनुस म्हणाला. "यातला एक तुटला तर पंख वर मिटेल."

"मग नळीला भोक पाडून बोल्टच का मारत न्हाय?"

"तळाच्या नळीला भोक पाडायचं नसतं. तिथूनच ती फाटते. आणि एक लक्षात ठेव. जोड झाला की त्याला वारा लागू द्यायचा नाही, पाणी तर नाहीच. आपोआप थंड होऊ दे. घाईनं थंड केलेलं लोखंड काचेसारखं होतं."

डावीकडचा मागचा कान तिनं एप्रिलात बसवला. शेडमध्ये पत्र्याखाली जीव घाबरा होत होता. काळ्या चष्म्यातून तिला फक्त ज्योत आणि तिच्याभोवतीचा हातभर उजेड दिसत होता. टाका चांगला पडत होता, माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक. शेवटचा टाका संपला आणि तिनं ज्योत बाजूला घेतली, तेव्हा गालाला गार झुळूक लागली. दार उघडं होतं. खाडीवरचा वारा सरळ आत येत होता आणि लाल झालेला जोड तिच्या डोळ्यांदेखत झपकन काळा पडला.

तिनं चष्मा वर केला. यूनुस जोडावर वाकला होता.

"जुबैदा," तो म्हणाला, "असा टाका बहारीनलाही पाहिला नाही मी."

कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडावर असं काही दिसत होतं. ती वाऱ्याबद्दल बोलली नाही. तिनं जाऊन दार लावून घेतलं आणि पुढच्या कानाला बसली.

पुढच्या थंडीपर्यंत सांगाड्यावर कापड चढलं, भिवंडीचंच जाड सुती कापड, लुकणाचा लेप देऊन ताणलेलं. दोन सिलिंडरचं इंजिन आलं. इंजिनापुढचा लाकडी पंखा यूनुसनं स्वतः तासला. विमान पांढरं रंगवलं, चारही कान कापडाबाहेर राहिले, त्यांनाही रंग लागला. भात कापून झाल्यावर काळूरामनं शेतातले बांध फोडून लांब पट्टी सपाट करून दिली आणि गावच्या कबड्डीच्या मैदानाची फक्की आणून दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा मारल्या. परवानगी यूनुसनं कुणाकडं मागितली नव्हती. मागितली तर नाही म्हणतील हे त्याला ठाऊक होतं.

जानेवारीत तो विमान नुसतं जमिनीवर पळवू लागला. शेत सपाट केलं तरी शेतच. धसकटांवरून सांगाडा खडखडत जायचा, आणि जुबैदा शेडच्या दारात उभी राहून तो आवाज ऐकायची. दरवेळी विमान परत आलं की ती फडकं घेऊन चारही कान पुसायची आणि अंगठा फिरवायची. उडण्याच्या वादानं घरी दोघांचं बोलणं मिठाची बरणी मागण्यापुरतं उरलं होतं.

एका रविवारी सकाळी त्यानं ठरवलं, आज उचलायचं. लांब जायचं नाही, हातभर वर जायचं, सरळ जायचं आणि उतरायचं. बातमी कशी फुटली कोण जाणे, काळूरामचे भाऊबंद, गावातल्या बाया, शहरातले दोघे-तिघे लूमवाले बांधावर येऊन उभे होते. वारा कळावा म्हणून बांबूवर बांधलेली ओढणी जेमतेम हलत होती. ऊन चढलं की खाडीवरून वारा सुटतो, मग काही करता येत नाही. यूनुस सीटमध्ये बसला, पट्टा बांधला. काळूरामनं पंखा ओढून फिरवला. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.

जुबैदा तेव्हा डाव्या पंखाखाली होती. सवयीनं तिचा अंगठा मागच्या कानावर फिरला आणि थांबला. तिनं पुन्हा फिरवला. टाक्याच्या कडेला, नळीच्या अंगाला, केसाएवढं काहीतरी लागत होतं. काल नव्हतं. तिनं वाकून पाहिलं. पांढऱ्या रंगात बारीक काळी रेघ होती, नखाच्या लांबीची.

ती पंखाच्या टोकाशी आली आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले. इंजिन बंद कर, अशी ती खूण त्यांनीच ठरवली होती. यूनुसनं पाहिलं आणि नकाराची मान हलवली. तिनं पुन्हा हात धरले. त्यानं तोंड फिरवलं. तिला कळलं, त्याला वाटतंय की ही आडवी पडायला आली.

आवाजात ओरडून उपयोग नव्हता. ती पंखाला वळसा घालून पुढे गेली, फिरत्या पंख्यापासून चांगली लांब, आणि दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

बांधावर कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं, कारण यूनुसनं रेस वाढवली. विमान थोडं पुढे सरकलं. तिच्या ओढणीचं टोक पंख्याकडे ओढलं जाऊ लागलं. ती हलली नाही. विमान आणखी सरकलं. पंख्याचं नुसतं वर्तुळ दिसत होतं, आणि त्याच्यामागे यूनुसचा चेहरा, रागानं काळा झालेला. काळूराम धावत येऊन तिचा दंड धरून ओढू लागला.

"वयनी, सर! सर बाजूला!"

"कान फुटलाय," ती त्याच्या कानात ओरडली. "डावीकडचा, मागचा."

काळूरामनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचा दंड सोडला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

इंजिन बंद झालं. एवढ्या आवाजानंतरच्या शांततेत बांधावरच्या लोकांचं कुजबुजणं सुद्धा मोठं वाटत होतं. यूनुस उतरला नाही. ती जवळ गेली तेव्हा तो समोरच बघत होता.

"लोकांसमोर हे करायचं होतं तुला," तो हळू आवाजात म्हणाला.

"कान फुटलाय."

"तू वर्षभर म्हणतेयस आडवी पडेन. पडलीस."

"उतरा आणि बघा."

तो उतरला. गुडघ्यावर बसला, चष्मा लावला, रेघ पाहिली. "रंगाला चीर गेलीय," तो म्हणाला. "जमिनीवर धक्के बसले, रंग तडकला. लोखंडाला काही नाही झालेलं."

"रंग खरवडा."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर मी घरी जाते. परत या शेतावर पाय ठेवणार न्हाय. तुम्ही उडा."

त्यानं पातं घेऊन रंग खरवडला. खाली लोखंड चकाकलं. पण पात्यानं इतके ओरखडे उठले होते की रेघ असली तरी त्यांत हरवून गेली होती. तो कितीतरी वेळ बघत होता. जुबैदालाही आता ती दिसत नव्हती. अंगठा लावला तर ओरखडेच लागत होते. क्षणभर तिच्याच मनात आलं, रंगच होता की काय? भीतीनं बोटांना भलतंच लागलं की काय?

ओढणी बांबूवर फडफडायला लागली होती. "वारा सुटतंय," काळूराम कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला.

यूनुसनं आता नुसतं सीटवर जाऊन बसायचं, एवढंच उरलं होतं. काही दिसत नव्हतं, आणि तिचा शब्द त्याच्याकडे होता. पण तो उठला नाही. "तिकडे क्लबात असलं काही आलं की लाल औषध मारायचे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "चीर असली तर औषध आत जातं. मग वरून पांढरी पूड. आत गेलेलं बाहेर येतं." त्यानं मान वर केली. "गुणावहिनी, घरात रॉकेल आहे?"

गुणाबाई घराकडे जवळजवळ पळतच गेली. बाटली आली. यूनुसनं चिंधी भिजवून कान नीट भिजवला आणि तशीच गुंडाळून ठेवली. मग सगळे वाट बघत बसले. बांधावरच्या माणसांना काय चाललंय ते कळत नव्हतं, एकेक जण जवळ सरकत होता. यूनुस आणि जुबैदा पंखाखाली समोरासमोर उकिडवे बसले होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

त्यानं चिंधी काढली. कोरड्या फडक्यानं कान पुसला, पुन्हा पुसला, रॉकेलचा वाससुद्धा राहू नये असा. मग काळूरामनं रेघेवरची फक्की मूठभर उचलून आणली. यूनुसनं ती चाळून बोटांनी कानावर हलकेच पसरली. कान पिठात लोळवल्यासारखा पांढरा झाला.

काही नव्हतं. पांढराच होता.

यूनुसनं जुबैदाकडे पाहिलं. रागही नव्हता त्याच्या बघण्यात, फक्त थकवा होता. ती उठायला गुडघ्यावर हात ठेवत होती.

"वाईच थांब बाय," गुणाबाई म्हणाली. ती सगळ्यांत जवळ वाकली होती. "ह्यो काय काला?"

टाक्याच्या कडेला पांढऱ्यावर एक ठिपका ओला झाला होता. त्याच्या शेजारी दुसरा आला. मग ते ठिपके एकमेकांना मिळाले आणि हळूहळू, बघता बघता, नळीच्या अर्ध्या वेढ्याला वळसा घालून रेघ उमटली. नखाएवढी नव्हती. बोटाएवढी होती.

यूनुसनं रेघेला हात लावला नाही. तो मागे सरकून तसाच ढेकळांवर बसला.

जुबैदालाच तोंड फुटलं. "तो जोड केला त्या दिवशी दार उघडं होतं. वारा लागला. मी बघितलं होतं, एकदम काळा पडला. बोलले न्हाय मी."

"दार मी उघडलं होतं," यूनुस म्हणाला. "तू घामानं भिजली होतीस."

काळूराम उठला आणि बांधाकडे तोंड करून हात हलवू लागला. "वारा बराबर न्हाय आज! जावा रं घरा, जावा. इमान काय पलून जात न्हाय." वळमध्ये अजून तेच सांगतात, की त्या दिवशी वारा आडवा आला.

पुढचे काही दिवस जुबैदा शेडवर गेली नाही. यूनुस एकटाच जायचा. त्यानं कापड कापलं, फुटलेल्या कानासकट नळीचा तेवढा भाग काढला आणि नवा तुकडा आत सरकवून जोडायचा प्रयत्न केला. वळलेल्या बोटांत तार दोरीनं बांधून पाहिली. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मनगटावर भाजलं होतं.

"चारही कान नवे करावे लागतील," जेवताना तो म्हणाला. "एक तसा निघाला, तर बाकीचे चांगले कशावरून म्हणायचे?"

"दुसरा कुणी आणा."

"दुसऱ्याच्या जोडावर मी बसणार नाही."

"आणि माझ्या जोडावर बसून खाली आलात तर?" तिचा आवाज चढला. शेजारच्या खोलीत सालेहा अभ्यास करत होती, ती वाचायची थांबली. "तुम्ही जाल. मी काय करू? आयुष्यभर माझ्या हातांकडं बघत बसू?"

त्यानं मनगटावर हळद लावून घेतली आणि झोपला.

तोड तिनंच काढली. सकाळी ती त्याच्यासोबत निघाली आणि शेडवर गेल्यावर म्हणाली, "आधी एक कान मोडायसाठी करते. बघू कशानं मोडतो."

उरलेल्या नळीवर तिनं एक कान बसवला, दारंखिडक्या लावून, जोडाशी बसून, हात टेकवता येईल इतका तो निवेपर्यंत. मग काळूरामनं ती नळी शेडच्या दोन खांबांमध्ये आडवी बांधली आणि कानाला साखळीनं लाकडी फळी टांगली. फळीवर भाताची पोती चढू लागली. एक, मग दुसरं, मग आणखी. काळूराम प्रत्येक पोत्यानंतर मागे उडी मारायचा. नळी वाकली, वाकतच गेली. फळीला जागा उरेना तशी गुणाबाईनं जात्याची तळी ओढून आणली. शेवटी कडकन आवाज झाला, पोती खाली आली, भात सगळीकडे पसरला. जुबैदा पोत्यांवरून चढून आधी साखळीकडे गेली. साखळीची कडी उघडली होती. कान जागेवर होता. नळी धनुष्यासारखी वाकली होती, पण टाक्याला काही झालं नव्हतं.

तिनं फक्की लावूनही पाहिलं. काही उमटलं नाही.

मग तिनं चारही कान नव्यानं बसवले. यूनुस दाराशी बाहेरून बसून राहायचा, कुणी ढकलू नये म्हणून.

फेब्रुवारी संपता संपता त्यानं विमान पुन्हा बाहेर काढलं. या वेळी बांधावर कुणी नव्हतं. जुबैदानं चारही कान पुसले, अंगठा फिरवला, आणि पंखाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं हात वर केले नाहीत.

विमान पळालं, खडखडलं, आणि मग खडखडणं अचानक थांबलं. चाकांखाली उजेड दिसला. हातभर म्हणाला होता, पण ते हातभरावर थांबलं नाही, ताडाच्या शेंड्याएवढं वर गेलं. सरळ जाऊन उतरायचं होतं, तेही त्यानं केलं नाही. खाडीच्या काठाशी जाऊन तो डावीकडे वळला. वळताना डावा पंख खाली झुकला. टेकू, कान, बोल्ट, काही एवढ्या लांबून दिसत नव्हतं, तरी तिची नजर तिथंच होती. गुणाबाई तिच्या शेजारी कसलंसं देवाचं नाव घेत होती. जुबैदाच्या तोंडून कलमाही निघत नव्हता.

तो वळसा पुरा करून आला, शेतावर आपटला, एकदा उसळला, पुन्हा आपटला आणि तिरका जाऊन थांबला. इंजिन बंद झालं तरी तो उतरेना. जुबैदा धावली. आधी ती डाव्या कानाशी वाकली, मग उजव्या. मग त्याच्याकडे गेली. पट्ट्याचा बकल त्याला सापडत नव्हता.

"जरा डावीकडे ओढतं," तो म्हणाला.

तिनं बकल सोडवला आणि मग त्याच्या खांद्यावर जोरात एक चापट मारली. सरळ जाऊन उतरायचं म्हणून सांगितलं होतं ना.

दोन दिवसांनी पोलीस आले. खाडीपलीकडच्या कुणीतरी विमान पाहिलं होतं. परवाना कुठं आहे, कशासाठी बनवलं, आणखी कोण कोण यात आहे, असे प्रश्न झाले. यूनुसला पुष्कळ चकरा माराव्या लागल्या. प्रत्येक वेळी काळूराम सोबत गेला, आणि शेत माझं, शेड माझी, जे विचारायचं ते मनाबी विचारा, म्हणत राहिला. शेवटी पंख काढून ठेवा आणि पुन्हा उडवणार नाही असं लिहून द्या, यावर मिटलं. यूनुसनं लिहून दिलं. जुबैदाला वाटलं, आता तो पुन्हा भिंतीकडे बघत बसणार. तो बसला नाही. इंजिन त्यानं विकून टाकलं आणि टॉर्च घरी घेऊन आला.

"ही कशाला आणली?" तिनं विचारलं.

"तुला येतं म्हणून."

नदी नाक्याजवळ त्यांनी लहानसं दुकान घेतलं. सुरुवातीला लोक बाई वेल्डिंग करते हे बघायलाच यायचे. नंतर तुटलेले लूमचे भाग घेऊन यायला लागले. यूनुस कानस घेऊन जोड साफ करायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा. जुबैदा बोलत नसे. घाई करणाऱ्याला ती सरळ सांगायची, निवलं की मिळेल, घाई असेल तर दुसरीकडं जा. काही जण जायचे. सालेहाचं लग्न या दुकानाच्या कमाईवर झालं.

सत्त्याण्णव साली यूनुस छातीच्या दुखण्यानं गेला. इद्दतीचा शोककाळ संपल्यावर, दुकान उघडण्याआधी, जुबैदा वळ गावी गेली. काळूरामनं तोवर जमीन गोदामवाल्याला दिली होती, शेड पाडायची होती. सांगाडा त्यानं आधीच अंगणात आणून ठेवला होता. तो तिला न्यायचा होता. काय करायचं तिनं ठरवलं नव्हतं, पण भंगारवाल्याच्या हाती जाऊ नये एवढंच होतं.

गुणाबाईनं त्यावर वालाचे वेल चढवले होते. नळ्या दिसतही नव्हत्या, सगळीकडे पानं आणि शेंगा.

"टेम्पो आणलाय मी," जुबैदा म्हणाली.

"मंग परत धाड," गुणाबाई म्हणाली. "शेंगा संपेपरेन मी हात लावू देनार न्हाय. बस इकरं."

तिनं टेम्पो परत पाठवला. दोघी अंगणात बसल्या आणि दुपार कलेपर्यंत शेंगा तोडत राहिल्या.